कवडी : माळेतली, डावातली आणि समुद्रातली

सहावीच्या वर्गात वाक्प्रचार घेत होते. फळ्यावर 'कवडीमोल भाव मिळणे' लिहिलं. अर्थ सगळ्यांना आला. कांद्या-टोमॅटोमुळे आमच्याकडच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मग सहज विचारलं, "पण कवडी म्हणजे काय रे?"

वर्ग गप्प. थोड्या वेळाने एकेक उत्तर यायला लागलं. "मॅडम, देवीच्या माळेत असते ती." "ती कशाची तरी बी असते." "नाही, दगड असतो, नदीत सापडतो." एक मुलगी म्हणाली, "आमच्या आजीच्या परडीत आहेत, आजी त्यांना हात लावू देत नाही." चाळीस मुलांत एकानेही म्हटलं नाही, की कवडी हे एका प्राण्याचं घर आहे.

यात मुलांची काही चूक नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटर लांब. पण गंमत अशी, की समुद्रातली ही एक वस्तू मराठवाड्यात घरोघरी आहे. तुळजापूरहून आणलेली माळ, आराध्यांच्या आणि गोंधळ्यांच्या गळ्यातल्या कवड्या, कन्नडकडच्या तांड्यांवर लमाण बायांच्या फेटिया-काचळीवर शिवलेल्या कवड्या, पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधलेला कवड्यांचा पट्टा. एवढ्या जवळच्या वस्तूची ओळखच नसावी, हे मला खटकलं. म्हणून पुढचे तीन तास कवडीला दिले. मराठी, विज्ञान, इतिहास आणि गणित, चारही विषय त्यात आपोआप आले. तेच इथे क्रमाने मांडते. शिक्षकांना वर्गात आणि पालकांना घरी उपयोग होईल.

आधी ओळख : ही गोगलगाय आहे

मुलांना गोगलगाय माहीत असते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीन फस्त केलं, ते अनेकांनी घरी ऐकलेलं असतं. तिथूनच सुरुवात करावी. शेतातली गोगलगाय जमिनीवर राहते, कवडीची गोगलगाय समुद्रात. दोघी मृदुकाय प्राण्यांच्या संघातल्या आणि उदरपाद वर्गातल्या. उदरपाद म्हणजे पोटाखालच्या मांसल पायावर सरकत चालणाऱ्या.

बरेच जण कवडीला शिंपला म्हणतात. फरक सोपा आहे. शिंपल्याला डबीसारखी दोन झाकणं असतात, कवडीचं कवच एकसंध असतं. म्हणजे कवडी ही शंखाची बहीण, शिंपल्याची नव्हे.

जगात कवड्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. काही मुठीएवढ्या मोठ्या आणि ठिपकेदार असतात. आपल्या माळेतली पिवळसर-पांढरी, कडेला उंचवटे असलेली छोटी कवडी म्हणजे 'मोनेटारिया मोनेटा'. लांबी साधारण दोन ते तीन सेंटिमीटर. १७५८ मध्ये लिनिअसने तिला नाव दिलं, त्यातला 'मोनेटा' हा लॅटिन शब्द नाण्याशी, टांकसाळीशी संबंधित आहे. म्हणजे शास्त्रीय नावातसुद्धा तिची ओळख पैशाचीच! तिची एक जवळची बहीण आहे, 'मोनेटारिया ॲन्युलस'. तिच्या पाठीवर अंगठीसारखं सोनेरी कडं असतं. घरातल्या कवड्यांत असं कडं दिसतं का, ते मुलांना शोधायला सांगा.

या कवडीला कोमट, उथळ पाणी लागतं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागरातल्या बेटांपर्यंत, प्रवाळाच्या आणि खडकांच्या आडोशाला ती राहते. आपल्या देशात लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांवर ती आहे. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर कवडीच्या दुसऱ्या काही जाती भेटतात. दिवसा ती दगडाखाली, कपारीत लपते आणि बहुधा अंधारात बाहेर पडून शेवाळ खरवडून खाते. खरवडायला तिच्या तोंडात कानशीसारखी एक पट्टी असते, तिच्यावर बारीक दातांच्या रांगा असतात.

पाठ गुळगुळीत का? पोटाला फट का?

मुलांनी विचारलेले हे दोन प्रश्न फार चांगले होते.

समुद्रकाठचे बाकीचे शंख खरबरीत असतात, त्यांच्यावर शेवाळ नि किटणं चढलेली असतात. कवडी मात्र पॉलिश केल्यासारखी चमकते. कारण जिवंत कवडी आपलं कवच उघडं ठेवत नाही. तिच्या शरीराची पातळ त्वचा, जिला प्रावार म्हणतात, ती दोन्ही बाजूंनी वर चढते आणि पाठीवर येऊन मिळते. अंगावर शाल ओढून घ्यावी तशी. ही शालच कवचावर चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा नवा थर चढवत राहते आणि त्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. धोका वाटला, की शाल झटकन आत आणि चकचकीत पाठ बाहेर.

आता फट. लहानपणी कवडी कवडीसारखी दिसतच नाही. तेव्हा तिचं कवच पातळ, साध्या गोगलगायीसारखं, मोठ्या तोंडाचं असतं. वयात येताना शेवटचा वेढा आधीच्या सगळ्या वेढ्यांना पोटात घेतो, तोंडाची कड आत वळते आणि दोन्ही ओठांवर दाते तयार होतात. राहते ती फक्त दातेरी फट. एवढ्याशा फटीतून खेकड्याची नांगी आत जाणं अवघड. इतर बऱ्याच शंखांना असतं तसं झाकण मोठ्या कवडीला नसतं, ही फटच तिचं दार.

यातून एक गोष्ट निघते, ती ऐकून मुलं चकित होतात. फट तयार झाली, की कवडीची लांबी वाढणं थांबतं. पुढे फक्त कवच जाड होतं. म्हणजे माळेतली छोटी कवडी हे मोठ्या कवडीचं पिल्लू नव्हे! दोघीही मोठ्याच, एक लहान चणीची नि एक थोराड. आपल्या वर्गासारखंच.

आणखी एक. मादी दगडाखाली अंड्यांचे पुंजके घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्यांच्यावर आपला पाय पसरून बसून राहते. अंड्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात तरंगत दूर जातात आणि मग तळाशी स्थिरावतात. कोंबडी अंड्यांवर बसते हे मुलांना माहीत असतं, गोगलगायही बसते हे कळल्यावर वर्गाचा सूरच बदलला.

लीलावतीतली कवडी

आता इतिहास. आणि तो आपल्या दाराशी आहे.

कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं, की पाटणादेवी लागते. तिथल्या देवळातला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापन केला, असं तो लेख सांगतो. चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारातला ज्योतिषी. म्हणजे आपण सहलीला नेतो त्या दौलताबादचा.

याच भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे आणि त्याची पहिली पायरी आहे कवडी. संस्कृतात तिला वराटक म्हटलंय.

२० कवड्या = १ काकिणी
४ काकिणी = १ पण
१६ पण = १ द्रम्म
१६ द्रम्म = १ निष्क

मुलांना विचारा, एका पणाच्या किती कवड्या? ८०. एका द्रम्माच्या? १,२८०. एका निष्काच्या? २०,४८०. पाढे आणि गुणाकार पक्के करायला याहून गोड उदाहरण मला सापडलेलं नाही.

भाषेच्या शिक्षकांनाही यात खाऊ आहे. संस्कृत 'कपर्दक' वरून आपली कवडी आली. कवडीसारखी जटा वळलेला म्हणून शंकर 'कपर्दी'. 'द्रम्म' वरून दाम आणि दमडी आले, आणि 'द्रम्म' स्वतः ग्रीकांच्या द्राख्मा नाण्यावरून आला. पणन, विपणन हे शब्द 'पण'च्याच धातूचे. सर्पमित्र 'कवड्या' नावाचा एक बिनविषारी साप पकडतात. लोक त्याला मण्यार समजून मारतात, तोही याच निमित्ताने सांगून टाकावा. आणि घट्ट लागलेल्या दह्याला आपण कवडी दही म्हणतोच.

दौलताबादहून मालदीवला

कवडी समुद्रातून इथवर आली कशी? याचं उत्तर देणारा एक माणूस दौलताबादवरून गेलेला आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनला जायला तो १३४२ मध्ये दिल्लीहून निघाला, वाटेत दौलताबादला थांबला. किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजराहून मोठे उंदीर आहेत, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे किनाऱ्यावर त्याची जहाजं बुडाली आणि फिरत फिरत तो मालदीव बेटांवर पोचला. तिथे त्याला काझी नेमलं गेलं.

तिथला पैसा म्हणजे कवड्या. तो लिहितो, बेटावरचे लोक हे प्राणी समुद्रातून गोळा करतात, खड्ड्यांत पुरतात, मांस झडून जातं आणि पांढरं कवच उरतं. अरब लेखकांनी त्याच्याही आधी लिहिलंय, की नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडत, त्यांना गोगलगायी चिकटत, मग त्या ओढून घेत. मालदीवचे लोक या कवड्या बंगालला देऊन तिथून तांदूळ आणत.

इब्न बतूताने भावही दिलेत. मालदीवमध्ये एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, कधी त्याहूनही जास्त. पुढे तो पश्चिम आफ्रिकेतल्या मालीला गेला, तिथे एका दिनाराला फक्त १,१५० कवड्या! तीच गोगलगाय, तेच कवच, पण किंमत जवळजवळ साडेतीनशे पट. 'मोल वस्तूत असतं की माणसांच्या ठरवण्यात?' हा प्रश्न वर्गात टाका आणि पाच मिनिटं शांत बसा. मुलं बोलतात.

कवडीच का, हेही मुलांकडूनच काढून घ्यावं. ती कुजत नाही, सहज फुटत नाही, साधारण एका आकाराची असते, मोजता येते, मापाने भरून देता येते. आणि मुख्य म्हणजे त्या काळी खोटी कवडी बनवणं खऱ्या कवडीपेक्षा महाग पडलं असतं.

कवडीमोल कशी झाली?

बंगालमध्ये कवडी फार काळ टिकली. १७७८ मध्ये रॉबर्ट लिंडसे हा ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर सिल्हेटला आला. जिल्ह्याचा सारा होता अडीच लाख रुपयांच्या आसपास आणि तो कवड्यांत भरला जाई. भाव, एका रुपयाला ५,१२० कवड्या. गुणाकार करा. १२८ कोटी कवड्या! त्या ठेवायला कोठारं लागत आणि ढाक्याला न्यायला होड्यांचा ताफा. एक कवडी साधारण एक ग्रॅमची धरली, तरी एका रुपयाचं वजन पाच किलोच्या वर. आणि पाहा, ५,१२० म्हणजे १,२८० च्या चौपट. बंगालचा हिशेबही ८० कवड्यांचा पण आणि १६ पणांचा काहण असाच होता. म्हणजे लीलावतीची पायरी सहाशे वर्षांनंतरही चालू होती.

मग कंपनीने सारा चांदीच्या रुपयांतच मागायला सुरुवात केली. ज्यांच्या घरात कवड्या होत्या त्यांना त्या देऊन रुपये विकत घ्यावे लागले आणि कवडीचा भाव कोसळला. ओडिशात १८१७ मध्ये पाइकांचा उठाव झाला, त्याच्या कारणांत कवडीचं चलन बंद होणं हेही एक होतं. 'कवडीमोल होणे' हा तिथल्या शेतकऱ्याला वाक्प्रचार नव्हता, त्याच्या गाडग्यातली साठवण होती.

आफ्रिकेची गोष्ट याहून काळी आहे. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या जहाजांच्या तळाशी भरून युरोपात नेल्या आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत. अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या गेल्या. त्या देऊन माणसं विकत घेतली आणि गुलाम म्हणून अमेरिकेला नेली. सहावीला हे थोडक्यात आणि जपून सांगावं, पण सांगावं. पुढे एकोणिसाव्या शतकात झांजिबारकडून ती सोनेरी कड्याची कवडी ढिगाने आली आणि आफ्रिकेतही कवडी स्वस्त झाली. घानाच्या चलनाला आजही 'सेडी' म्हणतात, तो शब्द कवडीवरूनच आलाय.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. आत डोकवा. माळेतल्या कवडीची पाठ ओवण्यासाठी बहुधा कापलेली असते. त्या भोकातून आत पाहा. मधोमध वेढे घेतलेली गुंडाळी दिसते. कवडी ही गोगलगायच, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा.

२. लिंबाचा थेंब. फुटलेल्या कवडीवर लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे येतात, कारण कवच चुनखडीचं. प्लास्टिकची कवडी असेल तर काहीच होणार नाही. देवघरातली किंवा माळेतली कवडी या प्रयोगाला वापरू नका. घरच्यांच्या भावना दुखावून विज्ञान शिकवता येत नाही.

३. अष्टाचंगा. चार कवड्या टाकल्या तर एकूण १६ शक्यता. कवडी नाण्यासारखी निष्पक्ष असती, तर १६ पैकी ६ वेळा दोन कवड्या उताण्या पडल्या असत्या, ४ वेळा एक, ४ वेळा तीन, १ वेळा चारही आणि १ वेळा एकही नाही. आता गटागटाने १०० दानं टाका आणि नोंद करा. आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत? एका बाजूला फुगीर पाठ, दुसरीकडे सपाट पोट. अखंड कवडी आणि पाठ कापलेली कवडी वेगवेगळी टाकून पाहा. संभाव्यतेचा धडा मुलं स्वतःच लिहितात.

४. आजीची मुलाखत. घरात कवड्या कुठून आल्या, किती जुन्या आहेत, कशासाठी वापरतात, हे दहा ओळींत लिहून आणायचं. आमच्या वर्गात सर्वांत सुंदर वह्या याच आल्या.

कवड्या मिळाल्या नाहीत तर खेळाला चिंचोके फोडून घ्या, आपल्या आया तेच करायच्या. बाजारातून नव्या कवड्या मात्र मुद्दाम आणू नका. त्याचं कारण शेवटी सांगते.

शेवटचा प्रश्न

तिसऱ्या तासाच्या शेवटी त्या परडीवाल्या आजीच्या नातीने विचारलं, "मॅडम, मग आतली गोगलगाय कुठे गेली?"

हा प्रश्न टाळू नये. खरं उत्तर असं आहे. वाळूवर आपसूक आलेली मेलेली कवडी लाटांनी घासून, उन्हाने विटून निस्तेज होते. जी कवडी लखलखीत असते, ती बहुधा जिवंतपणी धरलेली असते. चमक ही त्या जिवाची शाल ताजी असल्याची खूण. आपल्या देशात काही समुद्री शंख-कवड्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे, पण कायद्याचा हात प्रत्येक दुकानापर्यंत पोचत नाही. आणि धरणाऱ्यांपासून वाचलेल्या कवडीचं घरही आता तापतंय. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये पाणी तापल्याने पांढरे पडले. प्रवाळ गेला तर त्याच्या कपारीत राहणारे कुठे जाणार?

म्हणून काय माळा फेकून द्यायच्या? मुळीच नाही. आजीची माळ चार पिढ्या टिकलीय, ती पाचवीलाही द्यावी. कवडी टिकते म्हणूनच तर ती पैसा झाली. फक्त शोभेच्या पडद्याला, किचेनला, पाच मिनिटांच्या हौसेला नवी घेताना एकदा थांबावं, एवढंच.

मी त्या मुलीला हेच सोप्या शब्दांत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी वहीत तिने 'कवडीमोल'चा वाक्यात उपयोग करून आणला होता : "कवडी आमच्यासाठी कवडीमोल असते, पण गोगलगायीसाठी ते तिचं घर असतं." वाक्प्रचाराच्या नियमात ते वाक्य बसत नाही. मी पूर्ण गुण दिले.